स्लोव्हेनियातल्या घरगुती जेवणाच्या जुन्या गोस्तिल्ना का बंद पडत आहेत?

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात आईवडिलांना घेऊन स्लोव्हेनियाला येताय, कुणीतरी सुचवलेल्या तीन गोस्तिल्नांपैकी दोन बंद झाल्याचं कळलं, तर असं का होतंय आणि आता घरचं म्हणावं असं जेवण मिळेल कुठे? आई शाकाहारी आहेत हेही तुम्ही लिहिलंय. मी क्रान्य शहराजवळ राहते आणि चार वर्षं एका गोस्तिल्नेच्या स्वयंपाकघरात मदतनीस होते. ती 2022 साली बंद झाली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

गोस्त म्हणजे पाहुणा, त्यावरून गोस्तिल्ना. चर्चच्या शेजारी किंवा जुन्या हमरस्त्यावर, बहुधा एकाच कुटुंबाची. खाली बसायची खोली, कोपऱ्यात फरश्या लावलेली मोठी शेगडी, वर मालकांचं घर. नावं पुष्कळदा ‘प्री’नं सुरू होतात, म्हणजे ‘अमक्याकडे’. ‘प्री कोवाचू’ म्हणजे लोहाराकडे. लोहारकी आजोबांबरोबर गेली तरी घराचं नाव तेच राहतं. बारशाचं जेवण, लग्नाचं जेवण, मयतीनंतरचं जेवण (त्याला सेद्मिना म्हणतात), सगळं तिथेच. आपल्याकडची खाणावळ, गावचा पार आणि मंगल कार्यालय एका छपराखाली आणलं तर जे होईल, तसं काहीसं.

आमच्या गॉस्पा, म्हणजे मालकीणबाई, पहाटे साडेपाचला गोमांसाचं सूप चढवायच्या. मी स्वतः गोमांस खात नाही, पण ते सूप करायला मी त्यांच्याच हाताखाली शिकले. अर्धा चिरलेला कांदा तव्यावर काळा होईस्तोवर भाजून टाकायचा, गाजर, सेलरीचा कंद, आणि मग तीन तास उकळी फुटू द्यायची नाही. पातेलं नुसतं थरथरत राहिलं पाहिजे, नाहीतर सूप गढूळ होतं. बटाटे आदल्या संध्याकाळी सालासकट उकडून ठेवलेले असायचे. ते गार झाल्यावर सोलून, काप करून कांद्याबरोबर चरबीत परतायचे की झाला प्राझेन क्रोम्पीर. या बटाट्याला ‘सोबतचा’ न म्हणता स्वतंत्र पदार्थ म्हणून मान्यता मिळावी यासाठी इथे एक संस्थाच आहे आणि ती दरवर्षी उत्सव भरवते. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

सगळ्यात जास्त हात लागायचे ते श्त्रुक्लींना. पीठ टेबलावर ओढत ओढत इतकं पातळ करायचं की खालच्या कापडाची नक्षी दिसावी. त्यावर ताज्या चीजचं सारण पसरायचं, कापडानेच गुंडाळी करायची, बांधायची आणि पाण्यात उकडायची. झ्गान्त्सी मात्र मला पहिल्याच दिवशी जमल्या, कारण ती जवळजवळ आपली उकड. फक्त पीठ कुट्टूचं.

दहाच्या सुमारास कामगार यायचे, मालित्सा खायला. मालित्सा म्हणजे सकाळ आणि दुपार यांच्या मधलं पोटभर खाणं. जव आणि कडधान्याचं रिचेत, आंबवलेला कोबी, घेवडा आणि बटाटे घालून केलेली योता, गुलाश म्हणजे मांसाचा दाट रस्सा. सात युरोला भरलेली थाळी. नंतर दुपारचं जेवण, आणि रविवारी तेच सूप बारीक शेवया घालून, पूर्ण कुटुंबाला पुरेल अशा भांड्यात.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. लोकांची चव बदलली म्हणून या जागा बंद पडल्या, असं मला अजिबात वाटत नाही. आमच्याकडे शेवटच्या रविवारीसुद्धा खुर्ची रिकामी नव्हती. एकदा रात्री भांडी पुसताना मी गॉस्पांना विचारलं, सात युरोत परवडतं कसं? त्या म्हणाल्या, ‘माझा पगार मी कधी हिशेबात धरलाच नाही.’ सासूबाईंनीही धरला नव्हता. गोस्तिल्नेचं स्वस्त ताट उभं होतं ते घरातल्या बायकांच्या बिनपगारी चौदा तासांवर. त्यांच्या मुलीने शेजारच्या ऑस्ट्रियात नर्सची नोकरी धरली, तिथे पगार चांगला आणि सुट्टी ठरलेली. तिला दोष देणाऱ्या गावकऱ्यांचं मी खूप ऐकून घेतलं, पण मला तिचंच बरोबर वाटतं. मुलगी नाही म्हटल्यावर तिच्या जागी पगारी माणसं हवीत, आणि तो पगार सात युरोत बसत नाही. शिवाय आचारी मिळतच नाहीत. पूर्वी बॉस्निया, सर्बियातून यायचे, आता नेपाळी आणि भारतीय मुलंही इथल्या स्वयंपाकघरांत दिसतात. मीही तशीच आत शिरले.

दुसरा हिशेब दारूचा आहे. जेवणावर फारसं सुटायचं नाही, सुटायचं ते वाइनवर आणि बिअरवर. बारपाशी तासन्‌तास बसणारे गावातले नेहमीचे लोकच ताटाची तूट भरून काढायचे. मग गाडी चालवणाऱ्यांसाठी मद्याची मर्यादा कडक झाली, ऑगस्ट 2007 पासून बंदिस्त जागेत धूम्रपानाला बंदी आली. दोन्ही नियम योग्यच आहेत, त्यांनी जीव वाचले असतील. पण बारवरचा तो माणूस घरी बसला. जानेवारी 2016 पासून प्रत्येक बिल थेट करखात्याच्या प्रणालीत नोंदवणं सक्तीचं झालं. काही ठिकाणी रोखीतला काही भाग आधी नोंदला जायचा नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तो प्रामाणिकपणे नोंदवायला लागल्यावर काही मालकांना पहिल्यांदा कळलं की आपला धंदा तोट्यातच होता.

या सगळ्यावर शेवटी आला कोविड. मार्च 2020 मध्ये बंद, उन्हाळ्यात काही महिने चालू, ऑक्टोबरात पुन्हा बंद ते पुढच्या वसंतापर्यंत. लग्नं नाहीत, मयतीची जेवणं नाहीत. सरकारी मदत मिळाली, पण साठीच्या पुढच्या मालकिणीला सहा महिने घरी बसल्यावर पहाटे साडेपाचला पुन्हा उठायचं का, हा प्रश्न पडतो. आमच्या गॉस्पांना तो पडला.

या जागा एकदा मरता मरता वाचल्यात, हेही सांगायला हवं. पूर्वी व्हिएन्नाकडून त्रिएस्तच्या (आता इटलीतल्या) बंदराकडे माल घोडागाड्यांतून जायचा. त्या गाडीवानांना इथे फुर्मान म्हणत, आणि व्र्ह्निका, लोगात्स, पोस्तोयना या वाटेवरच्या गोस्तिल्ना त्यांच्या जिवावर चालायच्या. रेल्वे 1849 मध्ये ल्युब्लियानाला आणि 1857 मध्ये त्रिएस्तला पोचली आणि फुर्मान संपले. गोस्तिल्ना मात्र प्रवाशांकडून गावकऱ्यांकडे वळल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर समाजवादी युगोस्लाव्हियात कित्येकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यातूनही काही तगल्या. आता महामार्गामुळे जुन्या रस्त्यावरची वाहतूक गेली आणि गावकरीही कामाला शहरात गेले, तेव्हा वळायचं कुणाकडे? पुष्कळांनी पाटीवर ‘गोस्तिल्ना इन पित्सेरिया’ लिहिलं, म्हणजे गोस्तिल्ना आणि पिझ्झेरिया. पिझ्झाच्या भट्टीवर एक माणूस सगळी संध्याकाळ काढतो, श्त्रुक्लींना आम्ही तिघी लागायचो.

काही जण म्हणतात की रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेमुळे साधं जेवण मागे पडलं. मला हे पटत नाही. मिशेलिनची स्लोव्हेनियाची पहिली यादी 2020 मध्ये आली, आणि कोबारिदच्या ‘हिशा फ्रांको’ या रेस्टॉरंटला 2023 मध्ये तीन तारे मिळाले. तिथल्या मुख्य आचारी आना रोश जगभर गाजल्या, पण ती जागाही मुळात एका कुटुंबाची गोस्तिल्नाच होती. त्या यशामुळे इथल्या कुट्टूला, चीजला, रानभाज्यांना मान मिळाला. पण सात युरोच्या मालित्साला तो मान अजून मिळालेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही आल्यावर शहराच्या मध्यभागी शोधू नका. आठवड्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास छोट्या गावात बाहेर खडूने ‘मालित्से’ लिहिलेला फळा आणि समोर कामगारांच्या व्हॅन दिसल्या, तर आत जा. आईंसाठी ताज्या चीजच्या श्त्रुक्ली सगळ्यात भरवशाच्या, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा असतो. झ्गान्त्सींवर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात, म्हणून मागवतानाच ‘ब्रेझ ओत्स्विर्कोव्ह’ म्हणा, म्हणजे ते न घालता. योतेत बहुधा धुरावलेलं मांस असतं, विचारूनच घ्या. इद्रिया गावच्या झ्लिक्रोफींना 2010 मध्ये युरोपीय संघाचं संरक्षण मिळालं, दिसतात बटाट्याच्या करंज्यांसारख्या, पण सारणात चरबी असते, तेव्हा त्या तुमच्या ताटात घ्या, आईंच्या नको.

क्रास भागात, म्हणजे नैर्ऋत्येच्या चुनखडीच्या पठारावर जाणार असाल तर रस्त्याकडेला लाकडी बाणावर आयव्हीची हिरवी फांदी बांधलेली दिसेल. ती ऑस्मित्साची खूण. ओसेम म्हणजे आठ, पूर्वी ही विक्री आठ दिवस चालायची म्हणून हे नाव, असं सांगतात. हाब्सबर्ग राजवटीत 1784 मध्ये शेतकऱ्यांना घरची वाइन ठरावीक दिवस घरीच विकायची मुभा मिळाली, ती प्रथा अजून चालू आहे. अंगणातल्या बाकावर बसायचं, तेरान नावाची तिथली लाल वाइन, चीज, उकडलेली अंडी, घरचा पाव. आईंचं पोट तिथे नक्की भरेल.

रविवारचं जेवण हवं असेल तर शनिवारी फोन करून जागा सांगून ठेवा आणि बाराला पोचा. सूपचं पातेलं एकच असतं.