कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेतला गैरव्यवहार कळवल्यावर त्रास सुरू झाला, तर काय करावं?

आधी तक्रार लेखी हवी. मुख्याध्यापक, स्कूल बोर्डाचा (शाळांच्या नियामक मंडळाचा) सदस्य किंवा काउंटी सुपरिंटेंडंट (काउंटीतल्या शाळांचा प्रमुख अधिकारी) यांच्याकडे. नुसतं स्टाफरूममध्ये बोललेलं पुढे सिद्ध करणं अवघड जातं. बदली, खराब शेरा, धमकी असा सूड उगवला, तर शेवटच्या घटनेपासून 12 महिन्यांत स्थानिक पोलिसांकडे लेखी तक्रार द्या, सोबत शपथेवरचं निवेदन. बहुतेकांचं इथेच चुकतं: स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे, दाद मागत बसतात आणि मुदत निघून जाते. एज्युकेशन कोडच्या (राज्याच्या शिक्षण कायद्याच्या) कलम 44114 खाली ही पोलीस तक्रार आधी केलेली नसेल, तर नुकसानभरपाईचा दावाच लावता येत नाही. मुद्दाम सूड घेणाऱ्याला 10,000 डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वकील लगेच गाठा. सरकारी संस्थेकडे भरपाई मागण्याची मुदत सहसा सहाच महिने असते.