आठळ्यांचं पीठ, मृगाच्या आधी

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यातली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फणसाच्या आठळ्यांचं पीठ करून विकायची कल्पना आहे. 22 पानी आराखडाही लिहिलाय, सोबत जोडते. बाबा म्हणतात, आधी एमपीएससी दे. काय करू?

उत्तर : तुझी 22 पानं वाचली. पाच वर्षांत निर्यात, बोधचिन्ह, पाकिटाचा रंग, सगळं आहे. आजवर किती किलो पीठ केलंस, एवढंच कुठे सापडलं नाही.

तुझ्या धंद्याचं कॅलेंडर फणस ठरवतो, तू नाही. पिकले फणस एप्रिल-मेमध्ये येणार आणि मृगाचा पाऊस लागला की उन्हातली वाळवण बंद. म्हणजे हातात सहा-सात आठवडे. त्यात चुकलीस तर थेट पुढचं वर्ष. म्हणून आराखडा एका पानावर आण आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख, माणूस आणि रुपये लिही. "बाजारपेठेचा अभ्यास करणे" ही ओळ खोड. त्याजागी लिही, "15 फेब्रुवारीपर्यंत 20 घरांत विचारणे, मी आणि आत्या, खर्च एसटीचा." विचारायचं काय? आठळ्यांचं पीठ उपवासाला चालतं का! कुणी हो म्हणेल, कुणी नाक मुरडेल. गिऱ्हाईक श्रावणातलं की रोजच्या भाकरीतलं, ते इथेच कळेल.

मग कच्चा माल. फणसपोळी करणाऱ्यांकडे आठळ्यांचे ढीग पडतात. मार्चमध्येच दोघांशी बोलून ठेव. वाळवणीबद्दल दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचार. दमट पिठाला बुरशी धरते.

तू किलोला 300 रुपये भाव धरलास, पण सोलणावळ धरलीच नाहीस. आठळीचं वरचं पांढरं साल सहज सुटतं, आतला तपकिरी पापुद्रा जीव खातो. समज, 5 किलो सोलायला 3 तास लागले आणि त्यातून 2 किलो पीठ निघालं. म्हणजे किलोमागे दीड तासाची मजुरी नुसत्या सोलण्यात गेली. दळण, पाकीट, दुकानदाराचं कमिशन अजून पुढेच आहे. पापुद्र्यासकट दळून चव कशी लागते, तेही बघ. हा हिशेब होईपर्यंत छापील पाकिटांची ऑर्डर द्यायची नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या माळ्यावर अशी पाकिटं अजून आहेत, धंदा मात्र नाही.

विकायला काढण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागेल, लहान घरगुती उत्पादनालाही. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते कर्जाला जोडलेलं. सध्या अर्ज घेताहेत का, ते कृषी कार्यालयात विचार. यंदा मात्र कर्ज नकोच. घरच्या 5-6 हजारांत 20 किलो करून बघ.

बाबांशी वाद घालू नकोस, मुदत माग. श्रावणात पहिली पाकिटं विक. नातेवाईक एकदा कौतुकाने घेतातच, ती विक्री मोजू नकोस. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांपैकी कितीजण मुंबईला जाताना पुन्हा मागतात, ते मोज. दहासुद्धा नसतील तर अनंत चतुर्दशीनंतर एमपीएससीची पुस्तकं उघड, हे आजच बाबांना लिहून दे. पदवीची परीक्षा मात्र या सगळ्याच्या आधी.

मेमध्ये पहिल्या 5 किलो आठळ्या सोलून झाल्या की किती वेळ लागला, ते कळव. हातांना आधी खोबरेल लाव.