वाचकांचे प्रश्न : सहप्रवासी जमशेटजी

प्रश्न : जमशेटजी टाटा यांच्याविषयी जे वाचायला मिळते, ते बहुतेक गिरण्या, पोलाद आणि ताजमहाल हॉटेल यांपाशीच थांबते. माणूस म्हणून ते कसे होते? त्यांचा प्रवास आणि मित्रपरिवार यांचा त्यांच्या उद्योगांशी काही संबंध होता का? (एक वाचक)

उत्तर : संबंध इतका जवळचा होता की, त्यांचे प्रवास वगळले तर त्यांच्या उद्योगांची कथा नीट सांगताच येणार नाही. २३ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांनी मुंबईतल्या एस्प्लनेड हाउस या आपल्या घरातून स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिले. जपानहून शिकागोला जातानाचा सहप्रवासी म्हणून मी आपल्या स्मरणात असेन, असा विश्वास त्यांनी पत्राच्या आरंभीच व्यक्त केला आहे. १८९३च्या जुलै महिन्यात योकोहामाहून व्हँकुव्हरला निघालेल्या ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या बोटीवर हे दोघे एकत्र होते. सर्वधर्मपरिषद अजून भरायची होती आणि विवेकानंदांना बाहेरच्या जगात कोणी ओळखत नव्हते. चौपन्न वर्षांचा एक गिरणीमालक बोटीवर भेटलेल्या तिशीतल्या अनोळखी संन्याशाशी बोलत बसतो, त्याचे बोलणे पाच वर्षे मनात जपतो आणि विज्ञानसंस्थेची (बंगळूरच्या आजच्या भारतीय विज्ञान संस्थेची) योजना आखताना त्याच आठवणीचा धागा पकडून त्याला साद घालतो, यात त्यांचा स्वभाव मला जितका स्पष्ट दिसतो तितका गिरण्यांच्या ताळेबंदात दिसत नाही.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. १८५८ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून शिक्षण पुरे केल्यावर पुढच्याच वर्षी वडिलांच्या पेढीच्या कामासाठी त्यांची रवानगी हाँगकाँगला झाली. त्या काळच्या चीनच्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती आणि टाटांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. गौरवपर लेखांत हा तपशील बहुधा गाळला जातो. तो गाळू नये असे मला वाटते. १८६४च्या अखेरीस ते लंडनला निघाले ते अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीच्या भरवशावर. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांच्या हातातल्या हुंड्यांना कवडीची किंमत उरली नाही. त्यांनी धनकोंपुढे सगळी स्थिती उघडपणे मांडली, तेव्हा त्या धनकोंनी कारभार आवरण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. व्यवहाराच्या दृष्टीने हा प्रवास फसला खरा, पण दादाभाई नवरोजी आणि फिरोजशहा मेहता यांच्याशी जुळलेले स्नेहसंबंध त्यांना लंडनमधल्या याच मुक्कामाने दिले.

पुढे लँकेशायरच्या गिरण्या डोळ्यांखालून घालून आल्यावर त्यांनी मुंबईऐवजी कापूस पिकतो त्या मुलखात, म्हणजे नागपूरला, गिरणी काढायचे ठरवले. १ जानेवारी १८७७ रोजी ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. तिची व्यवस्था त्यांनी बेझनजी मेहता यांच्याकडे दिली. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत कसे निघते याचा त्यांना अनुभव नव्हता. तरीही त्यांनी ही गिरणी नावारूपाला आणली. माणूस पारखण्याची ही नजर चार लोकांत सतत वावरल्याशिवाय येत नाही, आणि जमशेटजींना माणसांत वावरण्याची मनापासून हौस होती. संध्याकाळी क्लबात मित्रांच्या कोंडाळ्यात बसणे, चांगले खाणे आणि खिलवणे, नव्या यंत्रांविषयी तासन्‌तास बोलणे, हा त्यांचा आवडता दिनक्रम होता.

जपानहून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. पहिली निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी झालेला जहाजवाहतुकीचा करार. पूर्वेकडच्या कापूस-सुताच्या वाहतुकीवर पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची जी पकड होती ती सोडवण्याचा हा प्रयत्न होता. पण त्या कंपनीने दर पाडले, व्यापारी स्वस्त भाड्याकडे वळले आणि ‘टाटा लाइन’ ही त्यांची जहाजसेवा थोड्याच काळात बंद पडली. दुसरी गोष्ट रेशमाची : बंगळूरला जपानी तज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी रेशीमशेती उभी केली. त्या शहरातल्या एका वस्तीला आजही ‘टाटा सिल्क फार्म’ म्हणतात.

त्यांचा अमेरिकेचा १९०२चा दौरा मात्र मला सर्वांत हृद्य वाटतो. वय त्रेसष्ट, प्रकृती खालावलेली, आणि तरी पोलादासाठी ते पिट्सबर्गला पोलाद-कारखान्यांचे अभियंते ज्युलियन केनेडी यांना भेटले, त्यांच्या सांगण्यावरून न्यूयॉर्कला सल्लागार अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांच्या कचेरीत गेले आणि हिंदुस्थानात येऊन लोहखनिज शोधाल का, असे त्यांना समक्ष विचारले. पेरिन तयार झाले. त्याच वर्षी थोरले चिरंजीव दोराबजी यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी भावी पोलादनगरीत रस्ते रुंद असावेत, सावलीची झाडे लावावीत, हिरवळीला आणि खेळांना भरपूर जागा ठेवावी, मंदिर, मशीद आणि चर्च यांसाठीही जागा राखावी, असे बजावले आहे. कारखान्याची जागा तेव्हा निश्चितही झाली नव्हती.

प्रश्न : एस्प्लनेड हाउसमध्ये मोठे कुटुंब नांदत होते असे ऐकले आहे. ते खरे आहे का? (एक वाचिका)

उत्तर : खरे आहे. जमशेटजी हे चार बहिणींचे एकुलते एक भाऊ. दोराबजी आणि रतनजी या मुलांबरोबर भाचे आणि इतर नातलग यांनाही त्या घराचा आधार होता. भाचे शापुरजी सकलातवाला काही काळ तिथेच राहत आणि टाटांसाठी लोहखनिजाच्या शोधात त्यांनी रानोमाळ पायपीट केली. पुढे इंग्लंडला जाऊन ते कम्युनिस्ट झाले आणि १९२२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. दुसरे भाचे नवरोजी सकलातवाला १९३२ मध्ये टाटा सन्स या टाटांच्या मुख्य कंपनीचे अध्यक्ष झाले. एकाच मामाच्या छायेतून भांडवलदार आणि साम्यवादी असे दोघेही निघावेत, याची मला नेहमी गंमत वाटते.

घरातल्यांना सगळ्याच बेतांचे कौतुक होते असे मात्र नाही. ताजमहाल हॉटेलचा मनसुबा कानावर आला तेव्हा, विज्ञानसंस्था आणि पोलादाचा कारखाना काढायला निघालेला आपला भाऊ आता खाणावळ चालवणार काय, असे एका बहिणीने विचारल्याचे सांगितले जाते. भावाने बेत सोडला नाही. त्या हॉटेलसाठी झुंबरे बर्लिनहून, विजेची सामग्री ड्युसेलडॉर्फहून आणि खांब पॅरिसहून आणले गेले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले, त्या दिवशी तिथे अवघे १७ पाहुणे होते.

प्रश्न : जमशेटजींची समाधी इंग्लंडमध्ये आहे, ती का?

उत्तर : १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम या गावी त्यांचे निधन झाले, प्रकृतीसाठीच ते युरोपात गेले होते. लंडनजवळ ब्रुकवुड येथील दफनभूमीच्या पारशी विभागात त्यांचे दफन झाले. त्यांचे दोन्ही पुत्रही पुढे तिथेच विसावले. अखेरच्या दिवसांत दोराबजींबरोबर नात्यातले रतनजी दादाभाई टाटा त्यांच्याजवळ होते. जमशेटजी गेल्यानंतर दहा आठवड्यांनी, २९ जुलै रोजी, पॅरिसमध्ये या रतनजींना मुलगा झाला. तो म्हणजे जे. आर. डी. टाटा.