युएन्डुमूला जाण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियात समाजकार्य शिकून आता अ‍ॅलिस स्प्रिंग्जकडच्या आदिवासी मुलांसोबत काम करणार, हे वाचून फार बरं वाटलं. त्यांचं मन सावरायला कोणते उपक्रम घेऊ, असं तू विचारलंस. आधी युएन्डुमूची हकिगत ऐक.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे तीनशे किलोमीटरवरचं हे वार्लपिरी नावाच्या आदिवासी लोकांचं गाव. तिथली कितीतरी पोरं पेट्रोल हुंगायची. या व्यसनाने मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो. 1994 मध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांनीच उपाय काढला. पोरांना दूर, माउंट थिओच्या एकाकी वस्तीवर न्यायचं. पेगी ब्राउन यांच्यासारख्या आजीबाईंनी त्यांना सांभाळलं. तिथे पेट्रोल मिळायचं नाही. शिकारीला जायचं, रानातलं अन्न शोधायचं, रात्री जुकुर्पा ऐकायचं: पूर्वजांनी ही भूमी कशी घडवली आणि माणसाने कसं वागायचं, हे सांगणारा वारसा. पुढे गावातही तरुणांसाठी कामं, खेळ सुरू झाले आणि काही वर्षांत हुंगणं जवळजवळ थांबलं.

मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की व्यसनी म्हणून हिणवलेला मुलगा तिथे कुणाचा तरी नातू होता, एका भूमीचा वारसदार होता. हे नातं तू त्याला देऊ शकणार नाहीस, ते त्याच्या आजीकडे आहे. म्हणून तुझं काम आजीला गाडी, पैसे, परवानग्या मिळवून देण्याचं. सरकारी कागदांशी झगडायचं ते तू.

आणखी एक. 1970 च्या सुमारापर्यंत तिथे सरकार आणि मिशनवाले आदिवासी मुलांना घरातून उचलून नेत होते. 1997 च्या चौकशी अहवालात त्या कहाण्या नोंदल्या आहेत. त्यामुळे समाजसेविका दारात आली की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. त्याचा राग मानू नकोस.

पवित्र गोष्टी खोदून विचारू नकोस. काही ज्ञान फक्त पुरुषांचं असतं, काही फक्त बायकांचं. कुणी गेलं की त्याचं नाव उच्चारत नाहीत आणि दुखवट्यात बाकीची कामं थांबतात. तुझं वेळापत्रक कोलमडेल, कोलमडू दे. आणि आपल्या विपश्यनेशी तुलना करायचा मोह आवर. त्यांच्या श्रद्धेचं मूळ त्या भूमीत आहे.

मात्र एखादं पोर जीव द्यायची भाषा बोललं, तर क्षणभरही थांबू नकोस, लगेच दवाखाना गाठ. मध्य ऑस्ट्रेलियातले न्गांगकारी, म्हणजे पारंपरिक वैद्य, डॉक्टरांच्या बरोबरीने काम करतात. तेव्हा एकाची निवड करून दुसऱ्याला नाकारायचं कारणच नाही.

पहिले काही महिने एकही उपक्रम आखू नकोस. बायका रानात कंद खणायला निघाल्या आणि तुला बोलावलं, तर जा. पाणी भरपूर घे. पोचलीस की कळव.

तुझे,
सर