व्हिडिओत दुसऱ्याचं गाणं वापरून खाली त्याचं नाव दिलं तर चालतं का?

नुसतं नाव देऊन भागत नाही. श्रेय वेगळं, परवानगी वेगळी. 'सर्व हक्क मूळ मालकाचे' ही ओळ तर निव्वळ शोभेची. 'दहा सेकंदांपर्यंत चालतं' हेही ऐकीवच, असा सरसकट नियम नाही.

सोपी वाट म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची परवानगी आधीच देऊन ठेवलेलं. हे परवाने २००२ पासून आहेत, पण परवान्याच्या नावापुढची अक्षरं नीट वाचा. 'बीवाय' (BY, श्रेय द्या) असेल तर कलाकाराचं नाव, परवान्याची लिंक आणि काय बदललं ते लिहा, झालं. 'एनडी'त (ND, बदल करू नका) मात्र बरेच जण फसतात: गाण्याला कात्री न लावता नुसतं दृश्यांच्या तालावर बसवलं, तरी तो बदलच धरतात, आणि बदललेलं प्रसिद्ध करायची मुभा नसते. 'एसए' (SA, त्याच अटींवर पुढे द्या) असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली द्यावा लागेल.