तेलसाठा: कागदावरचा आणि हाती येणारा

प्रश्न : माझ्याकडे एका तेल कंपनीचे थोडे शेअर आहेत. ती दुसरी कंपनी विकत घेतेय आणि 'दहा कोटी बॅरल साठा मिळणार' म्हणतेय. हे मोजतं कोण?
– संत्रा बागायतदार, वरुड

उत्तर : मोजत कोणीच नाही, अंदाज करतात. आंबिया बहाराचा बगीचा उभाच घेणारा व्यापारी तरी फळं कुठे मोजतो? इथे तर झाडही दिसत नाही. तेव्हा आकडा सिद्ध, संभाव्य आणि शक्य यांपैकी कोणत्या खात्यातला, ते विचारा. सिद्ध साठा म्हणजे तेवढं तेल निघण्याची शक्यता किमान 90 टक्के. त्यात 'संभाव्य' साठा मिळवला की एकूण तेवढं निघण्याची शक्यता 50 टक्क्यांवर येते, 'शक्य'ही मिळवला की 10. सिद्धातही चालू विहिरींचा साठा वेगळा काढा. न खोदलेल्या विहिरींवर अजून पैसा ओतायचा असतो.

प्रश्न : साठ्याचा अहवाल तर विकणाऱ्या कंपनीचाच. भरवसा कसा ठेवायचा?
– वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, वणी

उत्तर : ठेवूच नका. 2004 च्या जानेवारीत शेलसारख्या बड्या तेल कंपनीने आपल्या सिद्ध साठ्यातून 390 कोटी बॅरल, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, वगळला. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गुजरातच्या सरकारी कंपनीने 2005 मध्ये 20 लाख कोटी घनफूट वायू जाहीर केला. विकास आराखड्यात त्याचा साधारण दहावा हिस्सा उरला. तरी त्या क्षेत्राचा 80 टक्के वाटा 2017 मध्ये ओएनजीसी या केंद्राच्या तेल कंपनीने घेतला!

सारांशाची देखणी पुस्तिका बाजूला ठेवा. प्रत्येक विहिरीचं दरमहा उत्पादन, दाब आणि तेलासोबत येणारं पाणी यांच्या मूळ नोंदी मागा, आणि उत्पादन किती वेगाने उतरतंय ते आपल्या अभियंत्याकडून काढून घ्या. नोंदी द्यायला टाळाटाळ झाली, तर मी सौद्यातून उठेन.

प्रश्न : तेलाचा भाव रोज हलतो. मग मोल कोणत्या भावाने?
– निवृत्त शिक्षक, हिंगणघाट

उत्तर : अमेरिकी शेअर बाजाराच्या नियमात मागच्या 12 महिन्यांतल्या दर पहिल्या तारखेच्या भावांची सरासरी धरतात आणि पुढचं उत्पन्न वर्षाला 10 टक्के दराने कमी धरून आजच्या मोलात आणतात. तुलनेला ठीक, खरेदीला अपुरं. भाव पडला की न परवडणारं तेल साठ्यातूनच गळतं. ओएनजीसीची परदेशातली शाखा ओएनजीसी विदेशने सायबेरियातली तेल कंपनी इम्पिरियल एनर्जी घ्यायचं ठरवलं 2008 मध्ये, भाव बॅरलमागे 147 डॉलरला शिवून आल्यावर. व्यवहार 2009 च्या जानेवारीत पुरा झाला, तोवर भाव कोसळले होते. उत्पादनही अपेक्षेइतकं आलं नाही. जुन्या विहिरी बुजवण्याचा खर्चही वजा करा, तो विकणारा सहसा बारीक अक्षरात लिहितो.

प्रश्न : आमच्याकडे एवढा कोळसा, मग तेल का नाही?
– खाण कामगार, चंद्रपूर

उत्तर : कोळशातून मुख्यतः वायू सुटतो. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजला आणि मध्य प्रदेशातल्या सोहागपूरला तो व्यापारी पातळीवर काढतात. वर्धा खोऱ्यातल्या वायूच्या नावाने कोणी शेअर विकायला आलं, तर आधी विहिरीच्या चाचणीचा निकाल मागा.