खिडकीखालची कोठी आणि तुझं टेबल

पत्र: मावशी, परभणीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढची खोली १० बाय १२, मागं स्वयंपाकघर. नवरा, सासूबाई, ७ वर्षांचा मुलगा आणि मी. पुण्यातल्या कंपनीचं हिशेबाचं काम मी घरूनच करते, १० ते ६. दिवाणावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते, मान-पाठ धरलीय. खिडकीखालचा कोपरा सासूबाईंच्या ज्वारीच्या कोठीनं अडवलाय. मीटिंग चालू असली तरी त्या हाक मारतात, शेजारणी शेजारी येऊन बसतात, नळ आला की मीच उठते. टेबलाचा विषय काढला की सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा घरात कुठं?’ नवरा म्हणतो, ‘तूच सांभाळून घे.’ जागा मागणं चुकतंय का माझं?

उत्तर: अजिबात चुकत नाही. आठ तास काम करणाऱ्या माणसाला बसायला धड जागा हवी, यात कसला हट्ट?

पण सासूबाईंच्या बाजूनंही जरा बघ. दिवाण ही घरातली गप्पा मारायची, आल्यागेल्याला बसवायची जागा. तिथं बसलेली सून त्यांना मोकळीच दिसते, मग हाक मारण्यात त्यांना गैर वाटत नाही. तू खुर्चीवर, टेबलापाशी बसलीस की तुझं काम त्यांच्या डोळ्यांना दिसायला लागेल. मला टेबल पाठीइतकंच यासाठीही हवंसं वाटतं.

आता कोठी. ती परस्पर हलवू नकोस. वर्षाची ज्वारी आहे ती, सासूबाईंचा जीव तिच्यात असणार. त्यांनाच विचार, ‘ओल लागणार नाही, उंदीर लागणार नाही अशी दुसरी जागा कुठली?’ मोरीच्या भिंतीला लागून त्या ठेवू देणार नाहीत, आणि बरोबरच आहे ते. कदाचित दिवाणाच्या डोक्याशी जागा काढतील. त्यांनी स्वतः सुचवलं तर अर्धं भांडण तिथंच मिटेल. नाहीच हलली, तर दिवाण सरकवून दुसरी भिंत मोकळी कर. स्वयंपाकघरात मात्र बसू नकोस. तेल, वाफ आणि लॅपटॉप यांचं जमत नाही.

टेबल अडीच फूट बाय दीड फूट पुरे. भिंतीला बिजागरीनं लावलेली, काम झालं की खाली पाडता येणारी फळी कुठलाही सुतार करून देतो. भिंत जुनी मातीची असेल तर तिच्यात स्क्रू टिकणार नाहीत, मग घडीचं सुटं टेबल घे. उंची साधारण २८-२९ इंच. पाय अधांतरी राहिले तर खाली पाट ठेव. लॅपटॉपखाली डबा ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण आणि कीबोर्ड वेगळा घे. मान धरते ती सतत खाली बघून. खिडकी बाजूला येऊ दे. पाठीशी आली तर पडद्यावर चकाकी येते.

परभणीचा मे महिना तुला मी काय सांगू, पारा ४२ च्या वर. कूलर लागणारच, पण त्याचा झोत लॅपटॉपवर नको आणि बोलताना तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन लाव, म्हणजे घरघर पलीकडे कमी जाईल. लाईट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, बंद पडतो तो राउटर. त्याच्यासाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर त्याला चालू ठेवणारी बॅटरी, मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून त्यांना जुळणाराच घे. लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घे, त्यात चालढकल नको.

‘तूच सांभाळून घे’ हे वाक्य मला फार खटकलं. पाणी किती दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घरात काय धांदल उडते, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. पण नळ काही तुझ्या एकटीचा नाही. पाण्याच्या दिवशी ड्युटीमुळं नवऱ्याला थांबता येत नसेल, तर पाइप टाकीत सोडून ठेवणं, सकाळीच भांडी रिकामी करणं त्यानं करावं. आणि आईशी त्यानं बोलावं. ‘१० ते ६ तिला हाक मारू नका, १ वाजता ती जेवायला उठेल,’ हे मुलाच्या तोंडून आलं तर त्यांना ते सुनेचं उलट बोलणं वाटणार नाही. एकची वेळ मग तूही पाळ. त्यांच्याबरोबर ताटावर बस, फोन बाजूला ठेव. दिवसभर घरात असून सून बोलत नाही, हे त्यांनाही लागत असेल.

सुतार बोलवायची घाई नको. आधी आठवडाभर शेजारून साधं टेबल मागून आण आणि त्याच जागी बसून बघ. दुपारचं ऊन कुठवर येतं, दार उघडलं की खुर्चीला लागतं का, मुलगा शाळेतून आल्यावर दप्तर कुठं टाकतो, हे कळलं की मगच भिंतीला भोक पाड.